लिटलचा किनारा

“पोरी मासे खातात, फक्त काटे नकोत,” म्हातारा म्हणाला. “मला काहीही चालतं.”

नोला प्रेंटिसने नकाशा त्याच्याकडे फिरवला आणि त्यावर बोट ठेवत नेहमीच्या क्रमाने सांगायला सुरुवात केली. धक्क्यावर दुपारी मासे साफ करतात तेव्हा पेलिकन रांग लावून उभे राहतात, ते बघाच. दीपगृहाची पायवाट सोपी आहे, आणि या दिवसांत देवमासे पिलांना घेऊन दक्षिणेकडे निघालेले असतात, तेव्हा एखादा फवारा दिसेलच. जेवायला धक्क्यामागचं ट्रानबाईंचं दुकान. फ्लॅटहेड मासा समोर तळून देतात. त्यात काटा निघाला तर तुमच्याआधी ट्रानबाईच रडतील. आणि तुमच्यासाठी डझनभर कालवं घ्या, वर नुसतं लिंबू पिळून.

कालवांबद्दल ती असं बोलायची की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. तिने स्वतः ती तरुणपणी एकदाच खाल्ली होती आणि ओठ सुजून दवाखान्यात गेली होती. तिचा नवरा डेस जन्मभर कालवांच्या शेतीत राबला. घरी आला की आधी कोपरापर्यंत हात घासायचा, मगच तिला शिवायचा. डेस गेल्यावर घरात बसवेना, म्हणून ती नॅरीन गावच्या पर्यटक माहिती केंद्रात विनावेतन बसायला लागली. काम सोपं होतं. आलेल्यांना काय बघायचं, काय करायचं, काय खायचं ते सांगायचं, आणि ते गेले की पुढच्यांना सांगायचं. त्यांनी सांगितलेलं केलं का, त्यांना आवडलं का, हे कळायला काही मार्ग नव्हता. पाहुणे परत येत ते फक्त शौचालय कुठे आहे हे विचारायला.

हा म्हातारा मात्र लक्ष देऊन ऐकत होता. तो दूर, देशाच्या आतल्या भागातून आला होता. जन्मभर शाळेची बस चालवली होती म्हणे. बरोबरच्या दोन नातींनी आज सकाळपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. डोंगरावरून पहिल्यांदा दिसला तेव्हा धाकटीने विचारलं, रात्री हा बंद करतात का. त्यांची आई पुढच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात होती. उद्या तिचं ऑपरेशन होतं.

“उद्या आईला सांगायला काहीतरी पाहिजे त्यांच्याकडे,” तो म्हणाला, आणि हातातली टोपी गोल फिरवत राहिला.

म्हणून नोलाने जरा जास्तच सांगितलं. खडकातलं पोहायचं कुंड सांगितलं आणि शेवटी म्हणाली, लिटल बीच मात्र चुकवू नका, तिथल्यासारखा समुद्र कुठे नाही.

“लिटल. हे बरं झालं,” म्हातारा म्हणाला. “या दोघींना तेवढाच पुरे.”

फोन वाजला. नोलाने हसून मान हलवली आणि तो उचलला. कोणाला तरी तंबूसाठी जागा हवी होती.

थोड्या वेळाने मर्व्ह आला. हा गावचा जुना पोस्टमास्तर. निवृत्त झाल्यावरही कुठलंतरी काउंटर असल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आज किती बिचाऱ्यांच्या गळ्यात कालवं बांधलीस, असं त्याने रोजच्यासारखं विचारलं. मग म्हणाला, वळणावर एक गाडी भेटली, अंगभर इतकी लाल धूळ की आत माणसं आहेत हे काच खाली झाल्यावरच कळलं. आजोबा आणि दोन पोरी. लिटलचा रस्ता विचारत होते, तो आपण दाखवला.

“पोरींनी गाडीतच पोहायचे कपडे चढवले होते गं,” मर्व्ह हसत म्हणाला. “एकीने तर पाण्यातला चष्मासुद्धा.”

नोला खुर्चीतून उठली. मर्व्हचं हसू हळूहळू ओसरलं.

आमोस लिटल नावाचा गवळी होता. फार पूर्वी त्याच्या गाई तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर चरायच्या, म्हणून तो लिटलचा किनारा. गावात एवढा लांब आणि एवढा वाईट किनारा दुसरा नाही. तिथे उभं राहून समुद्र बघायचा असतो. पाण्यात कोणी उतरत नाही. नॅरीनच्या पोराला चालता यायला लागलं की पहिला मार त्या पाण्याकडे गेल्याबद्दल बसतो. त्यामुळे लिटल म्हणजे लहान, हा अर्थ त्या नावात गावातल्या कोणाला ऐकूच येत नाही. नोलाला आला नव्हता. ज्याने आयुष्यभर पत्ते वाचले त्या मर्व्हलाही आला नव्हता.

“तिथे पाटी आहे ना?” मर्व्ह म्हणाला.

“आहे. लिटल बीच एवढंच लिहिलंय तिच्यावर.”

जीवरक्षक मोसम सुरू झाल्यावर येत, तेही गावाजवळच्या किनाऱ्यावर. मर्व्हने गावातल्या माणसांना बोलवायला फोन उचलला; नोलाने गाडीची किल्ली.

वाटेत ट्रानबाईंच्या दुकानासमोर दोन बसगाड्या उभ्या होत्या आणि माणसं हातात कागदाची पुडकी घेऊन सावकाश रस्ता ओलांडत होती. नोलाने आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांवर हॉर्न वाजवला. वारा सकाळी वायव्येचा होता. आता तो दक्षिणेला फिरला होता. झाडांचे शेंडे वाकलेले दिसत होते, आणि असा वारा पाण्यात काय करतो हे तिला ठाऊक होतं.

वरच्या मोकळ्या जागेत लाल धुळीची गाडी एकटीच उभी होती. आत कोणी नव्हतं.

ती लाकडी पायऱ्या उतरली. शेवटच्या दोन पायऱ्या वाळूने गिळल्या होत्या, तिथे ती अडखळली आणि गुडघ्यावर पडली. समोर कोणीच नव्हतं. वाळूवर दोन टॉवेल शेजारीशेजारी पसरले होते, उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगड. टॉवेलांपासून लहान पावलं निघून सरळ ओल्या वाळूपर्यंत गेली होती. पुढची लाटेने पुसली होती.

फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एक गडद, गुळगुळीत पट्टा होता. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेने आत परत जातं. तिथे लाट फुटत नाही, म्हणून ती जागा सगळ्यांत शांत दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. नोला त्या पट्ट्याकडे बघत राहिली. काळं डोकं, रंगीत कापड, हात, काहीही. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की पोरींची नावं आपण विचारलीच नव्हती.

“पोरींनो,” ती ओरडली. वाऱ्याने ते मागे नेलं. “अगं पोरींनो.”

“झाला की तास, आजोबा.”

आवाज मागून आला होता. वाळूच्या टेकडीआड, गवताच्या आडोशाला, म्हातारा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला होता. दोन्ही बाजूंना दोन पोरी, पोहायच्या कपड्यांत, तोंडं फुगवून. मध्ये तेलकट कागद आणि चिप्सचा चुरा.

“नाही झाला,” तो म्हणत होता. “मासे अजून तुमच्या पोटात पोहतायत. ते थांबले की तुम्ही.”

“मी नुसता पाय लावून आले तर काही झालं का?”

“पाय लावलास म्हणून तुझा तास पुन्हा पहिल्यापासून.”

मग त्याला नोला दिसली. कालवं खाल्ली की नाही ते बघायला आलात का, बाई, असं तो म्हणाला. नोला होती तिथे वाळूत बसली.

जेवल्यावर तासाभरात पोहलं तर माणूस बुडतो, या समजाला शास्त्रात काही आधार नाही. पोटाकडे रक्त जातं, पण हातपाय गळावेत इतकं नाही. एका डॉक्टरीणबाईंनी नोलाला हे सांगितलं होतं, आणि गेल्या उन्हाळ्यात तिने ते काउंटरवर आलेल्या एका आजीला मोठ्या तोऱ्यात ऐकवलंही होतं. आज ती त्याविषयी अवाक्षर बोलली नाही.

श्वास ठिकाणावर आल्यावर तिने सगळं सांगितलं. आमोस लिटल, त्याच्या गाई, तो गडद पट्टा. म्हातारा ऐकत होता तसा त्याचा एकेक हात एकेका पोरीच्या खांद्यावर गेला.

“पाटीवर लिहीत का नाही तुम्ही?”

“आम्हाला माहीत असतं,” नोला म्हणाली. म्हणताना ते कानाला कसं लागतं हे तिच्या लक्षात आलं. “चूक माझी झाली. मी सांगायला हवं होतं.”

तिला वाटलं, आता हा उठेल आणि जाईल, आणि तो त्याचा हक्कच होता. पण त्याने कागद गोळा करून नीट घडी घातली.

“मग लहान कुठला, तो दाखवा,” तो म्हणाला. “मी क्लेम. ही टिली, ही पिप. सकाळी राहिलंच ते.”

खडकातल्या कुंडाला समुद्राच्या बाजूने भिंत आहे. मोठी लाट आली की ती भिंतीवरून थोडंसं पाणी आत टाकते आणि परत जाते. पिपला वाटलं, हे कोणीतरी मुद्दाम करतंय. प्रत्येक लाटेला ती, आता आली बघ, म्हणून सांगायची आणि अंगावर पाणी आलं की हसत हसत आजोबांना धरायची. क्लेमने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि तो दोघींचे हात धरून पायऱ्यांवर उभा होता, बसचं दार उघडून मुलं उतरवावीत तितक्या सावधपणे. टिलीने बोट बुडवून चाटलं आणि आईला सांगायचं म्हणून चव पुन्हा एकदा घेतली.

नोलाने मर्व्हला फोन केला. तो म्हणाला, सगळ्यांना परत फिरायला सांगतो, तू सावकाश ये. आणि काउंटर मी सांभाळतोय, कालवंसुद्धा खपवतोय.

परत जायला हवं होतं. पण पिपने पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांचे बूट तिच्यापुढे आणून ठेवले होते आणि बघ हं, म्हणून बजावलं होतं. लहान चार, आणि क्लेमचे मोठे दोन, त्यांत मोजे गोळा करून खुपसलेले. भरती चढत होती. एक पातळ लाट खडकावरून पसरत बुटांपर्यंत आली. नोलाने ते एकेक करून उचलले, मांडीवर घेतले आणि बसून राहिली.