मरायला तयार नसलेला रिले

ज्योतीरामच्या शेडमधला रिले मरत नव्हता, आणि त्यापायी कुरुळीतल्या त्या घराचं सगळंच खोळंबलं होतं.

रिले म्हणजे गिझरच्या पोटातली काडेपेटीएवढी वस्तू. पाणी पुरेसं तापलं की तिच्यातले दोन पॉइंट टक् करून वेगळे व्हायचे आणि वीज तुटायची, एवढंच काम. पण स्वस्तातले रिले मरताना त्यांचे पॉइंट एकमेकांना चिकटतात, वीज चालूच राहते आणि पाणी उकळत बसतं. अशाच एका गिझरनं ज्योतीरामच्या बायकोचा, पूनमचा, उजवा हात भाजला होता. तेव्हापासून ती चुलीवर पाणी तापवायची आणि गिझरकडे सवतीकडे बघावं तसं बघायची. ज्योतीरामनं चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून स्वतःचा रिले बनवला, तो त्याच रागानं. माझे पॉइंट मरतानाही चिकटणार नाहीत, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

भोसरीच्या एका गिझर कंपनीचा निरंजन मात्र नियमाचा पक्का. रिले कसा मरतो हे तो मेल्याशिवाय कसं कळणार, असं त्यानं विचारलं. आधी मरू द्या, मग ऑर्डर. झालं, रिले दिव्यांच्या माळेला जोडला आणि दिवे लावत-विझवत त्याची टकटक सुरू झाली. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांतही गेली. निरंजन थेरगावच्या घरून मोटरसायकलवर यायचा, चहा प्यायचा, "अजून आहेत का?" असं विचारायचा आणि परत जायचा. रिलेला आपण अहोजाहो कधीपासून करू लागलो, हे त्यालाही आठवत नव्हतं.

ज्योतीराम रडकुंडीला आला. स्वतः घडवलेली वस्तू मरावी म्हणून देवाला हात जोडणारा अख्ख्या तालुक्यात तो एकटाच असेल.

बातमी पसरली तशी माणसं भेटायला येऊ लागली. शेजारचे धर्माजी आजोबा रिलेच्या उशाशी बसले, बराच वेळ टकटक ऐकत राहिले आणि म्हणाले की याचा जीव कशात तरी अडकलाय. कुणी म्हणालं, आवडीचं खायला घाला. पण रिलेला काय आवडतं यावर एकमत होईना. अहो, मशीन आहे ते, असं ज्योतीराम सांगत होता, पण त्याचं कोण ऐकतंय?

शेवटी त्याची आई यशोदाबाई बोलली. "आरं, जल्म गिझरसाटी घेतला आन् नुसते दिवेच लावतोय. त्याच्या हातनं एक तरी आंगूळ झाली का? त्यातच जीव आडकलाय त्याचा."

शिकलेल्या निरंजनलाही हे पटलं, याला काय म्हणावं. रविवारी न्हाणीत इन्स्टंट गिझर बसवला आणि रिले त्याला जोडला. आता आंघोळ कुणी करायची? सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात पूनमनं टॉवेल उचलला.

तू नको, मी जातो, असं म्हणत ज्योतीराम आडवा आला.

"हात माजा भाजलाय," पूनम म्हणाली. "मीच बघनार. आन् चिकटून मेला, तर ह्या घरात परत गिझरचं नाव काडायचं न्हाई."

तिनं आतून कडी लावली. बाहेर सगळे कानात प्राण आणून उभे. टकटक चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. आणि एकाएकी टकटक थांबली.

"गेला," धर्माजी म्हणाले.

गेला खरा, पण कसा? ज्योतीराम दार बडवू लागला. आत नुसतं पाणी पडत होतं.

मग पूनमचा वैतागलेला, कुडकुडता आवाज आला. "आवो, पानी पार गार झालंय."

ज्योतीराम मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. बायकोची तक्रार ऐकून एवढा आनंद कुणाला झाला नसेल. निरंजननं डोळे पुसत ऑर्डर पक्की केली.

यशोदाबाईनं मात्र कुणालाच घरात पाऊल टाकू दिलं नाही. मयताला बसलेली माणसं आंघोळ केल्याशिवाय आत कशी येणार? अंगणात रांग लागली, थंडी मी म्हणत होती, आणि चूल तर पेटलेलीच नव्हती. ज्योतीरामनं खोक्यातून दुसरा रिले काढून बसवला.

पूनम ओल्या केसांनी पुढं झाली आणि त्याच भाजल्या हातानं तिनं गिझरचं बटण दाबलं.