नळीबाबाचं पांढरं पाणी

दर गुरुवारी दासगावात नळीबाबाच्या मांडवाबाहेर खोकणाऱ्यांची रांग लागे. काचेच्या बरणीत नितळ पाणी आणि सगळ्यांना मिळून एकच बांबूची नळी. "नळीतून देवाचा श्वास आत ओढ, मग पाण्यात पाप फुंक!" बाबा गरजे. माणूस फुंकी आणि पाणी दुधासारखं पांढरं होई. शिकलेसवरलेलेही हात जोडत. बाबा स्वतः मात्र नळीला बोट लावत नसे, चिमट्याने उचलून देई.

पहिला मान सोनबाचा. जुन्या क्षयाने त्याची फुप्फुसं पोखरली होती. एका गुरुवारी त्याची बायको गोदूबाई हिने नऊ वर्षांच्या नातीला, सईला, त्याच्या मागे उभं केलं. न्यूमोनियाने पोरीची छाती नाजूक झाली होती.

"आजी, नळी ओली हाय गो."

"आज्याची उष्टी हाय. फुंक गुमान."

दोन महिन्यांत सई महाडच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर गेली. शिवाय बाबाच्या रांगेतले निरनिराळ्या गावांचे पाच जण, सगळ्यांच्या छातीत औषधांना न बधणारा जंतू. तिथल्या डॉक्टर अनुपमांनी सगळ्यांची थुंकी आणि नळी पुसलेला बोळा मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल येण्याआधी दोन दिवस सई गेली.

अहवालात नुसत्या आडव्याउभ्या पट्ट्या होत्या. डॉक्टर गोदूबाईला म्हणाल्या, "हे जंतूच्या डीएनएचे ठसे. सहाही जणांचा आणि नळीवरचा ठसा एकच आहे. जंतू नळीतून पसरला."

"नळीत कुठनं आला?"

"बाबा गावात येण्याआधी सोनबांच्या थुंकीतला जंतू आम्ही राखून ठेवला होता. त्याचाही ठसा हाच."

"आन् पांढरं पाणी?"

"चुन्याची निवळी. कुणीही फुंकलं तरी पांढरी होते."

गोदूबाईने कमरेची चंची चाचपली. आयुष्यभर पानाला चुना लावला, आणि तोच तिला ओळखता आला नव्हता.

पुढच्या गुरुवारी तिने मांडवात आपली बरणी ठेवली, कोरी नळी घालून फुंकलं. पाणी पांढरं झालं. "ह्यो माज्या चंचीतला चुना हाय!" मग बाबाची नळी उचलून तिने त्याच्याच तोंडासमोर धरली. "आता तू श्वास ओढ."

बाबाने तोंड फिरवलं, चिमटा टाकला आणि मांडवामागून पळ काढला.

रांगेतल्या काशीरामने हळूच विचारलं, "मंजे ज्यानं त्यानं आपापली नळी आणली, तर चालंल?"

गोदूबाईला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"चालंल कसलं रे? पानी पांढरं होतं, छाती बरी होत नाय! थुंकी तपासा, दवा खावा, आन् कुणीबी काय तोंडाला लावाया दिलं तर आधी इचारा, कुणाचं उष्टं हाय. नळी ओली हाय, येवढं माज्या पोरीला दिसलं हुतं. मीच तिला गप केली."