माझ्या पायातली पुळण

मित्रांनो, मला एकदा हलवून बघा. जरा अलगद हं, माझं एक टोक गंजून तुटलेलं आहे, बोटाला लागेल. आतून खुळखुळ ऐकू आली ना? ती पुळण आहे. आमच्या रत्नागिरीकडे समुद्रकाठच्या वाळूला पुळण म्हणतात. मी एक लोखंडी पाइप, विहिरीच्या कडेला कमानीसारखा वाकून पडलेला. पोरं मला मोडका झोपाळा समजतात. एकाने तर मला हत्तीची सोंड म्हटलं. म्हणोत बापडे. पण मी जन्मतः वाकडा नव्हतो, आणि ही पुळण माझ्या पोटात कशी आली, ते तुम्हाला सांगायचं आहे.

मी जन्मलो तेव्हा सुतासारखा सरळ होतो. अंगावर जस्ताचा मुलामा, नव्या पातेल्यासारखी चकाकी. हातखंब्याच्या नाक्यावर एका दुकानात मी आणि माझे भाऊबंद भिंतीला टेकून उभे होतो. १९९८ सालच्या उन्हाळ्यात तिथे सुलेमान आला. बरीच वर्षं दुबईत पाइप जोडायचं काम करून तो कायमचा घरी परतला होता. निदान बायकोला त्याने तसं सांगितलं होतं. टेम्पोत पडून आम्ही त्याच्या घरी गेलो.

घरात माणसं दोनच, सुलेमान आणि त्याची बायको हमिदा. हमिदा एस्टीने दापोलीला जाऊन आंब्याची कलमं बांधायला शिकली होती. रुजलेल्या कोयीचा कोवळा कोंब छाटायचा, त्यात हापूसची काडी बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. हे काम भर पावसाळ्यातलं. पण जोडात पाणी शिरलं की तो कुजतो, म्हणून वर छप्पर हवं. आमच्या कमानी करून त्यावर प्लास्टिक ताणायचं, असा दोघांचा बेत होता. कलमं जगली तर सुलेमानला पुन्हा दुबई गाठावी लागणार नव्हती. हमिदाला एवढंच हवं होतं. इतकी वर्षं ती एकटीच स्वतःचं ताट वाढून घेत आली होती.

दुबईला पाइप वाकवायचं मशीन होतं. इथे होतं घरामागचं कातळाचं अंगण. सुलेमानने दोरी आणि कोळशाने कातळावर अर्धा गोल काढला, पहारीने भोकं पाडली आणि त्यात जाड सळया ठोकल्या. त्या सळयांना टेकवून आम्हाला वाकवायचं. माझा थोरला भाऊ रिकामाच वाकवायला घेतला, तर तो मधोमध चेपला आणि फुकट गेला. मग सुलेमानला आठवलं की पाइपात वाळू ठासून भरली तर तो चेपत नाही.

हमिदाने किनाऱ्यावरून घमेलं भरून पुळण आणली, पण घमेलं ठेवता ठेवता म्हणाली, "खारी आहे हो ही. वाईच थांबा, नदीची आणूया."

"पाऊस तुझ्या नदीसाठी थांबणार आहे काय गो?" सुलेमान म्हणाला. "वाकवून झालं की काढूनच टाकायची आहे."

माझ्या तोंडात पुळण ओतली, ठोकून ठोकून दाबली, दोन्हीकडे लाकडाची बुचं मारली. एका टोकाला सुलेमान लोंबकळला, पण मी काही ऐकेना. मग त्याने हमिदाला माझ्यावर बसवलं.

"दुबईत जे मशीन करतं, ते इथे बायकोचं वजन करतं," तो हसत म्हणाला.

"मशीनला कालवण लागत नाही. मला लागतं. आज मासे तुम्ही साफ करा," ती म्हणाली.

दोघं हसत होती आणि मी वाकत होतो. दुखलं का विचाराल तर हो, दुखलं. पण त्या हसण्यासाठी मी ते सोसलं. त्या घरात तसं हसणं मी पुन्हा फार दिवस ऐकलं नाही.

बुचं काढून मला उपडं केलं, तेव्हा बरीच पुळण सांडली. थोडी आत चिकटून राहिली. हमिदा म्हणाली, "धुऊन काढा. मीठ आतून खाईल त्याला."

"राहू दे," सुलेमान म्हणाला. "आत कोण बघायला जातोय?"

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा.

आमच्या कमानींचं, कलमांसाठीचं प्लास्टिकचं घर उभं राहिलं. मी दाराची कमान झालो. शेजारच्या आनंदीबाई मुद्दाम बघायला आल्या आणि मला थोपटून म्हणाल्या, "हे झकास झालं." मी खूश. आतली पुळण मात्र घसरत घसरत माझ्या पायाशी जाऊन बसली.

त्याच पावसाळ्यात वारा सुटला. आम्ही कमानी जागच्या हललो नाही, पण प्लास्टिक टराटरा फाटलं. रात्रंदिवस पाऊस कलमांवर पडला आणि बांधलेले जोड काळे पडले. सुलेमान त्यांच्याकडे बघत नुसता उभा राहिला. नंतर म्हणाला, "हा पोरखेळ आहे, हमिदा. मी जातो परत."

"जा," हमिदा म्हणाली. "मी बघते इथलं."

तिला 'जाऊ नका' म्हणायचं होतं. माझाच पाय तिने हाताने घट्ट धरला होता, म्हणून मला कळलं.

सुलेमान गेला. हमिदाने नवीन प्लास्टिक दुहेरी दोरीने बांधलं, पुढच्या वर्षी पुन्हा कलमं बांधली, आणि ती जगली. पावसाळा सरला की दरवर्षी ती आम्हाला चंदेरी रंग द्यायची. लोक म्हणायचे, काय नव्यासारखे ठेवलेत पाइप. आनंदीबाई म्हणायच्या, "हमिदा म्हणजे पोलाद." सुलेमानचा फोन आनंदीबाईंकडे यायचा, पुढे हमिदाकडे मोबाइल आला. तो विचारायचा, "कसं काय?" ती म्हणायची, "सगळं ठीक आहे." मग कलमांचं बोलणं निघायचं. संध्याकाळी पाणी घालून झालं की ती माझ्याशी पाठ टेकून बसायची, अंधार पडेपर्यंत. घरात जाऊन करायचं काय होतं?

आणि मी आतून गंजत होतो. मीठ माझा पाय कुरतडत होतं. सांगणार कुणाला? वरून रंग ताजा होता. मला फार एकटं वाटायचं मित्रांनो, आणि माझ्याशी पाठ टेकून बसणारीलाही तसंच वाटत होतं. दोघांनाही कुणी विचारत नव्हतं.

अशी सात-आठ वर्षं गेली. सुलेमान मधूनमधून रजेवर यायचा आणि पाहुण्यासारखा जायचा. एका मे महिन्यात तो असाच आला आणि नवीन प्लास्टिक ताणायला माझ्या अंगावर भार देऊन उभा राहिला. मी घोट्यापाशी कट्कन मोडलो. लाल गंज आणि पुळण भसाभसा त्याच्या पायांवर सांडली.

तो खाली बसला. पुळण मुठीत घेऊन म्हणाला, "वरून तर धडधाकट होता."

"तुम्हीच म्हणाला होतात, आत कोण बघायला जातोय," हमिदा म्हणाली. तिला वाटलं होतं एवढंच बोलून गप्प बसावं. पण शब्द थांबले नाहीत. "मी पण ठीक नाहीये हो. फोनवर दरवेळी खोटंच सांगते. मला एकटीला राहवत नाही आता."

सुलेमानने मुठीतली पुळण खाली टाकली नाही, बराच वेळ तशीच धरून ठेवली. नंतर त्याने मला विहिरीवर नेऊन गोड्या पाण्याने आतून धुतलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. थोडी पुळण माझ्या वाकणात अडकली ती अडकलीच.

माझ्या जागी नवा पाइप आला. या वेळी दोघं नदीवर जाऊन वाळू घेऊन आली. वाकवून झाल्यावर सुलेमानने तो धुतला, एका टोकाला डोळा लावला आणि लांब तार खुपसून आत काही राहिलं नाही ना, ते तपासलं. त्याची रजा संपली, पण बॅग माळ्यावरून खाली आली नाही. संध्याकाळी आता दोघं त्या नव्या कमानीशी बसतात. त्यांचं बोलणं मला इथे विहिरीपर्यंत ऐकू येतं. बरं वाटतं. माझ्यापाशी कुणी बसत नाही, ते थोडं लागतं.

तर मित्रांनो, एखाद्या वस्तूला रंग देण्याआधी ती आतून धुवा. आणि तुमच्या घरात कुणी रोज 'ठीक आहे' म्हणत असेल, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका, पुन्हा एकदा विचारा. आत कोण बघायला जातोय, असं म्हणू नका. तुम्ही जा.