दादाचे दोन झुरके

"ओढल्याशिवाय ती पेटत नाही, भाऊजी," फुमिकोवहिनी म्हणाल्या.

इसोगाईने तिसरी काडी वाया घालवली. अडुसष्ट वर्षांत त्याने सिगारेट कधी तोंडाला लावली नव्हती. लोकांच्या तोंडातून मात्र हजारो काढायला लावल्या होत्या. निवृत्तीनंतर वॉर्डाने त्याला हिरवं जाकीट, पावतीपुस्तक आणि झाकणाची पत्र्याची डबी दिली होती. रस्त्यावर कुणी ओढताना दिसला की वाकून नमस्कार करायचा, डबी पुढे धरायची आणि म्हणायचं, "कृपया इथे विझवा." दंड नंतर.

आज एइसाकुदादाचं वर्षश्राद्ध. ओढणारा गेला की त्याच्या थडग्यापुढे उदबत्तीऐवजी त्याचीच सिगारेट पेटवून ठेवतात. इसोगाई जेवणाच्या सुट्टीत जाकिटासकटच दफनभूमीत आला होता.

दोन वर्षांपूर्वी स्टेशनमागच्या गल्लीत, रस्त्याच्या दिव्याखाली त्याने दादालाच पकडलं होतं.

"सिगारेटवरचा कर वाढवतात, मी भरतो," दादा म्हणाला होता. "हा दिवा माझ्या पैशांवर जळतो, आणि त्याच्याखाली उभं राहायची मलाच बंदी?"

"उभा राहा. ओढू नकोस."

"दोन झुरके उरलेत रे. संपवू दे."

"कृपया इथे विझवा."

दादाने विझवली. दंडापेक्षा, सख्ख्या भावाने वाकून नमस्कार केला, याचा त्याला जास्त राग आला. पुढे आजारपणातही तो इसोगाईशी बोलला नाही. गेला तो मूत्रपिंडाने. फुप्फुसं ठणठणीत होती. तसा अहवालच त्याने इस्पितळात उशाशी लावून घेतला होता.

चौथ्या काडीला इसोगाईने डोळे मिटून झुरका घेतला. सिगारेट पेटली आणि तो खोकून खोकून दुमडला.

"यांनी हे बघायला हवं होतं," वहिनी त्याची पाठ चोळत म्हणाल्या. हसू आवरता आवरता त्यांचे डोळे भरून आले.

त्याने सिगारेट थडग्याच्या दगडापुढच्या वाटीवर आडवी, पेटतं टोक बाहेर राहील अशी ठेवली. तेवढ्यात रखवालदार आला.

"इथे ओढायला बंदी आहे."

"मी ओढत नाहीये."

"मग कोण ओढतंय?"

इसोगाईने दगडाकडे हात केला. रखवालदाराने दगड पाहिला, हिरवं जाकीट पाहिलं, मनातल्या मनात नियम चाळले. मेलेल्यांबद्दल त्यात काही नसावं.

"त्यांना किती वेळ लागेल?"

"संपवू द्या त्याला," इसोगाई म्हणाला.

रखवालदाराने झाडू उचलला आणि तो पलीकडच्या रांगेतली पानं झाडायला गेला.

राख लांबत चालली. इसोगाईच्या हाताने सवयीने खिशातून डबी काढली, झाकण उघडलं. तो वाकायला गेला. मग दादाचा राग आठवून तो दगडाशेजारी उकिडवा बसला आणि डबी राखेखाली धरून सिगारेट संपायची वाट पाहू लागला.