उत्तराची जागा

या, जरा पुढे सरकून बसा. ही गोष्ट आहे गाऊन सांगितलेल्या एका प्रवचनाची, आणि तसलं काही लांबून ऐकायचं नसतं.

थालियाने लॅपटॉप छातीशी धरला आणि चर्चच्या सभागृहाचं जाळीचं दार खांद्यानेच ढकललं. सिडनीत ती चित्रपटनिर्मिती आणि कायदा अशी जोडपदवी करत होती. शेवटच्या वर्षाचा तिचा माहितीपट महोत्सवाच्या स्पर्धेसाठी निवडला गेला होता. त्यात नदीकाठच्या या गावातला एक म्हातारा आदिवासी धर्मोपदेशक गात गात प्रवचन करत होता. निवडीची बातमी आली आणि त्याच आठवड्यात तो वारला.

"त्यांनी कॅमेऱ्यासमोर होकार दिलाय. कायद्याने आपल्याला कुणी अडवू शकत नाही," कॅमेरा सांभाळणारा डेक्लन वाटेत म्हणाला होता.

"कायदा मला नको शिकवूस. गेलेल्या माणसाचा चेहरा आणि आवाज घरच्यांना विचारल्याशिवाय दाखवायचा नाही, ही त्यांची रीत आहे. त्यांची बहीण नाही म्हणाली तर सिनेमा बंद."

"वर्षभर राबलोय आपण, थालिया!"

"माहीत आहे. म्हणून तर फोनवर न विचारता स्वतः आलेय."

आत नोरीनमावशी निखाऱ्यावर भाजलेल्या पावाचे तुकडे करत होत्या. भाऊ गेला होता, तरी त्यांच्या जिभेची धार तशीच होती.

"आज कोण आलंय? वकिलीणबाई की सिनेमावाली?"

"दोघीही, मावशी. एकीने दुसरीला धरून आणलंय."

खुर्च्यांवरची सगळी भावंडं, पुतणे, सुना हसल्या.

"मग दाखव आधी. आम्ही बघतो, मग बोलतो."

भिंतीवर चादर ताणून प्रोजेक्टर लावला. म्हाताऱ्याचा चेहरा उमटला तशी कुणी मान खाली घातली, कुणी नाक पुसलं. त्याने पहिली ओळ उचलली. नोरीनमावशींचा तळवा मांडीवर ठेका धरू लागला. ओळ संपली, सगळ्यांची तोंडं उघडली, पण तोवर म्हातारा पुढच्या ओळीवर पोचला होता. पुन्हा तसंच झालं.

"थांबव गं. इतकी घाई त्याने जन्मात केली नाही. मधे तो थांबायचा, ती जागा कुठे गेली?"

थालियाचे कान तापले. "मी कापली, मावशी. तिथे कुणीच बोलत नव्हतं. अशी रिकामी जागा राहिली की बघणारा कंटाळतो. आणि स्पर्धेला दहा मिनिटांच्या वर चालत नाही."

"रिकामी? ती आमची जागा होती, पोरी! तो ओळ टाकायचा, आम्ही उत्तर द्यायचो. तुझ्यासमोर एकटा गायला, तरी आमच्यासाठी थांबला तो."

थालियाने खुर्ची ओढली. कापलेला तुकडा शोधला, होता तिथे बसवला आणि पुन्हा सुरुवात केली.

म्हातारा गायला. थांबला. आणि अख्खं सभागृह गाऊ लागलं! एकाच ओळीत चार-पाच सूर, खालचे जाड, वरचे धारदार. चर्चची पायरी कधी न चढलेला डेक्लन पावाचा तुकडा हातात धरून तसाच उभा राहिला.

"अजून घाल! थांबतेस काय?" मागून एक पुतणी ओरडली.

थालिया हसतच सुटली. दुसरी जागा घातली, तिसरी घातली, दर वेळी उत्तर आधीपेक्षा मोठं आलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळात दहा मिनिटं उलटली. डेक्लनने तिकडे बोट दाखवलं. तिने तो कोपरा तळव्याने झाकला.

"मावशी, दाखवू का?"

"असाच दाखव. पण त्याचं नाव काढ. शोक सरेपर्यंत आम्ही ते उच्चारत नाही."

माहितीपटाला नाव त्याचंच होतं. थालियाने ते पुसलं, बाहेर जाऊन महोत्सवाच्या लोकांना फोन लावला.

"माझा माहितीपट स्पर्धेतून काढा. लांब झालाय... नाही हो, छोटा नाही होणार! स्पर्धेबाहेर दाखवाल? मग एवढं करा, थोडे दिवे चालू ठेवा. लोकांना गायचं असेल."

घरात लग्न ठरल्यासारखा तिचा आवाज होता.

तर मंडळी, त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा. नाव मला माहीत आहे, पण मी ते घेतलेलं नाही, घेणारही नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा त्याला नुसतं मनात आणा. कोण ते देवाला कळेल.