पंच्याखालचा भाव

"दोन गाई विकायच्या म्हणता, तर आधी मला विका!" धाकट्या दिरानं धारेची बादली अशी आपटली की तांबडी गाय लाथ झाडून बाजूला झाली आणि शेरभर दूध शेणात गेलं.

"तुम्हाला कोण घेणार, भाऊजी?" व्यापारीण दुसऱ्या गाईच्या कासेखालून मान वर न करता म्हणाली. "बसून खाणारं जनावर बाजारात कुणी उभंसुद्धा करत नाही."

गोठ्याच्या दारात तिची पोरगी उभी होती, हातात कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन. बारावी झाली होती. मार्क बरे होते, पण सरकारी कॉलेजच्या यादीत नाव येण्याइतके नव्हते. तालुक्यापलीकडच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटरची जागा मिळत होती आणि शनिवारच्या आत पहिल्या वर्षाचे पैसे भरायचे होते. घरात तिला सगळे 'वकील' म्हणत, कारण ती बोलायला लागली की समोरच्याला पाणी प्यायलाही सवड मिळत नसे.

"काका, तुमच्या वाट्याच्या तीन गाई आहेत ना? त्यांना कुणी हात लावतंय का? आईच्या दोन आहेत, त्यांचं ती बघेल."

"आईच्या दोन गेल्या की डेअरीचा आपला कॅन भरतो का, ते सांग आधी!" दीर म्हणाला. "वीस लिटर दूध देतात दोघी मिळून. दर दहा दिवसांनी रोख पैसा हातात. तुझं कॉलेज दहा दिवसांनी काय देणार? भोपळा!"

"चार वर्षांनी देणार. महिन्याला तीस हजार. तुमच्या पाच गाई मिळूनसुद्धा खर्च जाऊन एवढे देत नाहीत."

"अन् चार वर्षं फी कोण भरणार? तुझा सासरा?"

"मी भांडी घासून भरीन, पण तुमच्यासारखी शेणात मरणार नाही!"

हे शेवटचं दिराला उद्देशून होतं, पण ते लागलं व्यापारिणीला. तिचे कोपरापर्यंतचे हात शेणानं माखलेले होते. ती उठली आणि बादली उंच ठिकाणी ठेवून पोरीच्या समोर येऊन उभी राहिली.

"शेणाची एवढी शिसारी आहे, तर शेणाचे पैसे कशाला मागतेस? कॉम्प्युटरलाच माग की."

"म्हणजे तू देणारच नाहीस. सरळ सांग ना तसं."

"मी बघितल्याशिवाय दावं सोडत नाही. आधी माल बघू."

"कॉलेज म्हणजे माल नाही, आई!"

"पैसे मागतं ना? मग माल आहे. उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं."

तिला व्यापारीण म्हणायचं कारण असं. तिचा नवरा गुरांचा व्यापारी होता. आठ वर्षांपूर्वी तो गेला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच बाजाराला ही बाई त्याचा पंचा खांद्यावर टाकून गुरांच्या बाजारात जाऊन उभी राहिली. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा पंच्याखाली हात घालतात आणि बोटांनी बोलतात. एक बोट धरलं म्हणजे एक, पूर्ण पंजा दाबला म्हणजे पाच. शेकड्यात बोलायचं की हजारात, तेवढंच काय ते तोंडानं सांगायचं. भोवती उभ्या असलेल्यांना नुसते चेहरे दिसतात. तोंडानं कुणी काहीही बडबडो, शिव्या देवो, उठून जायचं नाटक करो. पंच्याखाली मात्र खोटं बोलायचं नाही. बोटांनी खोटं बोलणाऱ्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही. पहिलं वर्षभर बाईच्या पंच्याखाली हात घालायला बाप्ये लाजले. एका म्हाताऱ्यानं घातला, खोंडामागं दोन हजारांना बुडाला, आणि त्यानंतर सगळ्यांची लाज गेली.

दोन गाड्या बदलून मायलेकी कॉलेजात पोचल्या. इमारतीच्या तोंडाला निळी काच होती. पोरगी दाराकडे वळली, तर आई वळसा घालून मागच्या बाजूला निघाली.

"आई, दार इकडं आहे!"

"मी जनावर मागून बघते आधी."

मागच्या भिंतींना गिलावा नव्हता. खिडकीतून एका खोलीत डोकावून तिनं कॉम्प्युटर मोजले. अकरा निघाले, त्यातल्या चारांच्या वायरी गुंडाळून वर ठेवलेल्या होत्या. "एका वर्गात पोरं किती?" तिनं विचारलं. साठ, असं पोरीनं दात खाऊन सांगितलं. शिपायानं हटकलं तेव्हा तर पोरीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आत गार हवा होती. काउंटरमागे टाय लावलेला पंचविशीचा एक माणूस बसला होता. त्याच्या मागे काचेची खोली, तिचं दार उघडं, आणि आत मोठे साहेब फोनवर बोलत होते. त्यांचा एक कान बाहेर होता, हे व्यापारिणीनं बसता बसताच ओळखलं. भिंतीवर नोकरी लागलेल्या पोरांचे फोटो होते आणि प्रत्येकाखाली वर्षाचा पगार लाखांत लिहिलेला.

"बसा, मावशी. पाणी घ्या," टायवाला म्हणाला आणि त्यानं पाठ केलेलं सुरू केलं. "फी वर्षाला एक लाख चाळीस हजार. होस्टेल, जेवण धरून साठ. पण मावशी, खर्च म्हणून बघू नका. शंभर टक्के प्लेसमेंट आहे. दोन-सव्वादोन वर्षांच्या पगारात सगळं वसूल!"

पोरीनं आईकडे बघितलं, ऐकलंस ना, अशा नजरेनं. व्यापारिणीनं खांद्यावरचा पंचा काढला आणि काउंटरवर पसरला.

"आई, नको!" पोरगी दबक्या आवाजात ओरडली. "इथं नको गं, तुझ्या पाया पडते!"

"हजारात बोला. फी किती सोडता?" असं म्हणून तिनं पंच्याखालून हात पुढे केला.

दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर शिपायाला बोलावलं असतं. पण टायवाल्याचा हात त्याला न विचारताच पंच्याखाली गेला. तिनं त्याचा पंजा दोनदा दाबला. दहा सोडा. त्यानं तिचा पंजा एकदाच दाबला. पाच. आणि तोंडानं म्हणाला, "फी ठरलेली असते, मावशी. एक रुपया कमी होत नाही."

व्यापारिणीनं मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. हात मात्र त्यानं काढून घेतला नव्हता.

"साठातली किती पोरं नोकरीला लागली?" तिनं विचारलं.

"शंभर टक्के, मावशी!" तो काचेच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. पंच्याखाली पंजा आणि दोन बोटं. सात.

"अन् पगार किती पडतो? महिन्याचा सांगा, हजारात."

"पॅकेज साडेतीन ते सहा लाख." पंजा आणि चार बोटं. नऊ.

"तुम्ही कुठं शिकलात, साहेब?"

"इथंच! याच कॉलेजात. आमच्या बॅचचा फोटो आहे ना तो, वरच्या ओळीत." फोटोतला चेहरा त्याचाच होता, टायही तोच होता, आणि खाली चार लाख ऐंशी हजार लिहिलं होतं.

"मग तुम्हाला किती?"

या वेळी फक्त बोटं बोलली. पंजा आणि तीन बोटं.

व्यापारिणीचा आवाज खाली आला. "बापानं किती गुरं काढली रे तुझ्या फीसाठी?"

पंजा, एक बोट. मग दावणीला काय राहिलं, असं तिनं विचारलं, तर त्याचा हात तिच्या हातात नुसता पडून राहिला. काचेच्या खोलीतला फोन संपला तसा त्यानं हात झटकन काढला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मग फॉर्म भरायचा का, मावशी?"

"बाहेर जाऊन बोलतो आम्ही," व्यापारीण म्हणाली.

गाड्या लावायच्या पत्र्याखाली एक बाक होतं. तिथं तिनं पोरीला सगळं सांगितलं. वर्षाचे दोन लाख, चार वर्षांचे आठ. दोन गाई विकून दीड येतील, बाकीचं कर्ज. साठातल्या सातांना नोकरी, आणि तीही नऊ हजारांची. परगावात खोली घेऊन राहिलं, दोन वेळ खाल्लं, की नवातलं उरतं काय?

पोरगी ऐकत होती आणि तिचा चेहरा कठीण होत चालला होता. "तू खोटं बोलतेस," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"खोटं बोलतेस! तिथं कागदावर शंभर टक्के छापलंय, भिंतीवर फोटो आहेत, तो माणूस तोंडानं सांगतोय. अन् मी काय मानायचं? तुझ्या फडक्याखाली कुणी काय दाबलं ते? तुला गाई विकायच्याच नव्हत्या. काका अन् तू, दोघं एकच. मी शेण काढत बसले की तुमचं काम झालं!"

व्यापारिणीचा हात उठला होता, तो तिनं कसाबसा आवरला. पंचा खांद्यावरून ओढला आणि पोरीच्या अंगावर फेकला. "जा. आत जा अन् तूच विचार."

"मला नाही येत ते."

"येईल कसं? बाजाराच्या दिवशी नाकाला रुमाल लावून घरात बसत होतीस. ये इकडं. पाच बोटं आहेत, तुझ्या कॉम्प्युटरएवढं अवघड नाही."

तिनं पोरीचा हात ओढून मांडीवर घेतला आणि शिकवायला सुरुवात केली. प्रेमानं वगैरे नाही. चुकलं की बोट पिरगाळत होती. पोरगीही तेवढ्याच जोरानं तिचा पंजा दाबत होती, आई कळवळावी म्हणून. पाच-सात मिनिटांत तिला जमलं. हुशार होती, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पंचा घेऊन ती तरातरा आत गेली.

व्यापारीण बाकावरून काचेकडे बघत राहिली. आतलं ऐकू येत नव्हतं. पोरीची पाठ दिसत होती आणि टायवाल्याचं तोंड हलताना दिसत होतं. बराच वेळ गेला. बाजारात एवढा वेळ हात हातात राहिला तर भोवती माणसं जमतात.

पोरगी बाहेर आली ती पंचा चोळामोळा करून. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"सातच म्हणाला ना?"

"ते मी विचारलंच नाही."

"मग काय विचारलंस एवढा वेळ?"

"तू नुसता पगार विचारलास. पगाराचं काय, आज आठ असेल, उद्या अठरा होईल. मी म्हटलं, वर्षांत बोला. तुमच्या घरचे फीला गेलेले पैसे तुमच्या पगारातून सुटायला किती वर्षं लागतील?"

"मग?"

"तोंडानं म्हणाला, दोन वर्षं. अन् खाली पंजा दाबला. मला वाटलं, पाच. पाच तर पाच, मी पाचालाही तयार होते. पण त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा दाबला. मी मोजत होते, आई. तिसाच्या पुढं मीच हात काढून घेतला."

व्यापारिणीनं चोळामोळा झालेला पंचा तिच्या हातातून ओढून घेतला.

"आता झालं ना तुझ्या मनासारखं?" पोरगी एकदम उसळली. "वाचल्या ना तुझ्या गाई? जा, काकांना पेढे वाट!"

आजवर व्यापारिणीनं शेकडो सौदे मोडले होते आणि मोडल्यावर तिला नेहमी हुशारी वाटत आली होती. फसलो नाही, एवढ्यावर ती आठवडाभर खूश असायची. आज तसं काही वाटेना. कारण मनातून तिनं सौदा कालच पक्का केला होता. तांबडी आणि तिच्या शेजारची बांडी, कुणाला द्यायच्या, कितीला द्यायच्या, सगळं ठरवून ती गाडीत बसली होती. दिराशी भांडली, पोरीला टाकून बोलली, पण पोरगी शेणातून बाहेर पडावी असं त्या गोठ्यात सगळ्यात जास्त जर कुणाला वाटत असेल, तर ते तिलाच. आणि हे पोरीला सांगायला तिची जीभ उचलेना. तिला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

"पेढे कसले वाटतेस?" ती पदरानं तोंड पुसत खेकसली. "पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बस. मार्क वाढव. सरकारीत नंबर लाव."

"अन् नाही लागला तर?"

"तर गाई आहेतच. दुसरं कॉलेज बघू. त्याचाही हात धरून बघू."

"वर्षभर मी त्या गोठ्यात काय करू?"

"अभ्यास कर. माझ्याशी भांड. नाहीतरी दुसरं काय करतेस?"

पोरीनं माहितीपत्रक तिथंच बाकावर टाकलं आणि फाटकाकडे निघाली. आत शिरणाऱ्या एका माणसाला तिनं अडवलं, त्याच्याबरोबर त्याचा मुलगा होता. काहीतरी सांगू लागली. तो माणूस ऐकून घेण्याआधीच तिच्यावर डाफरला, "तुला झेपत नसेल, तर आमच्या वाटेत कशाला येतेस?" आणि मुलाला पुढे घालून निळ्या काचेत शिरला. पोरगी तिथंच उभी राहिली.

"चल," व्यापारीण मागून म्हणाली. "धारेची वेळ चुकेल."

गाडीत गर्दी नव्हती. पोरगी पुढं खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली. आई मुकाट्यानं दोन बाकं मागं जाऊन बसली. कंडक्टर आला तेव्हा दोघींनी एकदमच पैसे पुढे केले, दोघींनीही दोन तिकिटांचे, आणि कुणाचे घ्यायचे यावरून पुढच्या थांब्यापर्यंत भांडल्या.