दाजींची सुबक गुंडाळी

ताईचा फोन आला तेव्हा मी ट्रकमधून केबली उतरवून घेत होते. ती म्हणाली, "ह्यांना थोडे दिवस तुझ्या गोडाउनात घे गं. घरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्यात. आता माझ्याकडे बघतात तेही मोजमाप घेतल्यासारखं."

'ह्यांना' म्हणजे आमच्या दाजींना. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून ते दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. आमची कंपनी प्रदर्शनांना, सभांना, मैदानी सामन्यांना जनरेटर आणि केबली भाड्यानं देते, आणि केबलींचा कारभार एकवीस वर्षं माझ्याकडे आहे. माझी मदतनीस नुकतीच बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. हाताला हात हवाच होता. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दाजी आले ते इस्त्रीच्या शर्टात, खिशाला दोन पेनं लावून.

मी म्हटलं, "दाजी, इथे खडू-फळा नाही. मनगटाएवढ्या जाड केबली आहेत, आणि एकेकीचं वजन तुमच्यापेक्षा जास्त आहे."

"वजनाचं मला सांगू नकोस. तुझ्या ताईशी लग्न झालंय माझं."

"हे तिला सांगू?"

"काम दाखव," ते घाईनं म्हणाले.

मी काम दाखवलं. जड केबल एकाच दिशेनं गोल गोल गुंडाळायची नाही, कारण दर वेढ्याला तिच्यात एक पीळ भरतो. जमिनीवर आठच्या आकड्यात टाकत जायची. एक वेढा उजवीकडून, पुढचा डावीकडून, म्हणजे एकाचा पीळ दुसरा काढतो. एवढं सांगून मी चलनावर सही करायला गेले. परत आले तर केबल वरून खाली येऊन एक वळण घेऊन थांबली होती, आणि तिच्या टोकाशी दाजी उभे होते.

"आठ झाला. आता पुढे?"

"दाजी, हा मराठी आठ आहे."

"मग? छत्तीस वर्षं हाच काढलाय. कुणी तक्रार केली नाही."

"इंग्रजी आठ हवा."

"तसं सांगायचं. प्रश्न मोघम असला की चूक विचारणाऱ्याची."

"बरं, मराठी चार काढा आणि त्याचं उघडं तोंड बंद करा."

"तोंड बंद करा हे घरी ऐकतोच," ते पुटपुटले. पण आकडा अचूक काढला. अगदी वहीत काढावा तसा.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी मला दिवसभर एका मैदानावर जावं लागलं. जाताना बजावलं की आलेल्या केबली नुसत्या पुसून ठेवा, गुंडाळायचं मी उद्या बघते. दाजींनी मान हलवली. शिक्षकाची मान हलली म्हणजे त्यानं ऐकलं असं नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सकाळी येऊन बघते तर मांडणी अशी की फोटो काढावा. पन्नास मीटरच्या सहा केबली, गोल, घट्ट, एकावर एक. प्रत्येकीला चार ठिकाणी बारीक तारेनं बांधलेलं आणि वर सुंदर अक्षरात क्रमांक.

दाजी म्हणाले, "तुझे आठ जागा फार खातात. मी वेढ्याचा व्यास निम्म्यावर आणला. आता एका खणात दोन केबली बसतात. निम्मी मांडणी रिकामी आहे बघ."

मी पकडीनं एका केबलीची तार तोडली आणि टोक धरून अंगणात चालू लागले. दहा पावलांत केबल वळवळायला लागली. सरळ म्हणून पडेना. ठिकठिकाणी कडी पडून उभी राहिली, जणू तिला कुणी चिमटे काढत होतं.

"अशी का करते ही?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही हिला पस्तीस पीळ दिलेत आणि वर मान मुरगळून बांधलंत. पाठीचा कणा असतो तसं असतं, दाजी. वाकतो, पण किती वाकवायचं याला माप आहे. फार वाकवलं तर आतली तांब्याची तार तुटते, वरचं रबर फाटतं, आणि बाहेरून काही दिसत नाही."

"आता?"

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. बघू या, केबलीचा जातो का."

सहाही केबली उन्हात पसरल्या. रबर जरा नरम झालं की एकेकीच्या एका टोकापासून हातानं पीळ पुढे सरकवत दुसऱ्या टोकाशी बाहेर काढायचा, असं ते काम. दाजी वाकून वाकून करत होते. इस्त्री केव्हाच गेली होती. मी येता-जाता "कंबर कशी आहे, मास्तर? व्यास बदलला का?" असं विचारत होते. ते कमरेवर हात दाबत आणि पुन्हा वाकत.

दुपारी मी आत फोनवर असताना ते दारात आले. हातात फडकं होतं.

"जरा बाहेर ये," ते म्हणाले.

चौथ्या केबलीवर एका जागी त्यांनी खुणेला आपला रुमाल बांधला होता. सोडून दाखवला. तार पकडीनं आवळली होती तिथे रबर चिरलं होतं, नखभर. आतल्या तारेचं तांबडं आवरण दिसत होतं.

"पुसताना बोटाला लागलं," ते म्हणाले. "बघून कळलं नसतं."

खरंच कळलं नसतं. त्यांनी चिरेवर धूळ चोळून ठेवली असती तर मलाही चाचणी करेपर्यंत पत्ता लागला नसता, आणि तोवर दोष कुणाचा हे विचारायला कोण बसलंय? दिवसभर मी एक टोमणा जपून ठेवला होता, चांगला होता, पण तो जिभेवर आलाच नाही.

"बरं झालं सांगितलंत. पावसात ही लोखंडी मंडपाला टेकली असती तर..."

"कळलं," ते म्हणाले. "मालकांना मीच सांगतो."

आणि सांगितलं. सबब न देता, दोन वाक्यांत. मालकांनी केबल त्या जागी कापून तिच्या दोन लहान केबली करायला लावल्या. नवी टोकं बसवताना दाजी शेजारी उभे राहून बघत होते, विद्यार्थी उभा राहतो तसे.

मदतनीस परत आल्यावरही दाजी आठवड्यातून तीन दिवस येतातच. परवा त्यांना सोबत घेऊन एका सभेच्या मैदानावर गेले होते. तिथल्या इलेक्ट्रिशियननं निम्मी केबल रिळावरच ठेवून जोडणी करायला घेतली.

दाजी म्हणाले, "सगळी उलगडा."

"काका, पुरतेय की एवढी. उगाच कशाला पसारा?"

"रिळावर वेढ्यावर वेढे असतात. विजेचा भार आला की आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. रबर वितळतं. समजलं?"

"समजलं, पण..."

"समजलं तर मला समजावून सांगा."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं. मग त्यानं सांगितलं, अडखळत, आणि दाजींनी ते त्याच्याकडून दुसऱ्यांदा म्हणून घेतलं. त्यानंतर दोघांनी मिळून रीळ रिकामं केलं.